तरुण मुलाचा अपघाती मृत्यू : सातबारा बापाच्या नावावर असला तरी दोन लाखांचा अर्ज करता येतो

खटाव तालुक्यात माझ्या मावसभावाचा २३ वर्षांचा मुलगा रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला गेला आणि स्टार्टरच्या पेटीला हात लावताच शॉक लागून जागेवर गेला. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मान हलवली. भावकीतली वडीलधारी म्हणाली, ‘गेलेल्या लेकराची चिरफाड कशाला?’ पहाट व्हायच्या आत अंत्यविधी उरकला. महिना उलटल्यावर कुणीतरी शासनाच्या योजनेचं सांगितलं तेव्हा हातात फक्त मृत्यूचा दाखला होता. मरण शॉकनंच आलं हे दाखवणारा एकही कागद नव्हता. त्या रात्री मी तिथंच उभा होतो आणि मीही काही बोललो नाही. म्हणून हे लिहितोय. तुमच्या गावात अशी वेळ आली तर निदान एका माणसाला तरी हे ठाऊक असावं.

योजनेचं नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. पूर्वी हीच मदत विमा कंपनीमार्फत मिळायची. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं कंपनी मधून गेली आणि आता शासन थेट अनुदान देतं. कुणी हप्ता भरायचा नसतो, आधी नाव नोंदवायचं नसतं. मृत्यू झाला तर २ लाख रुपये. दोन हात, दोन पाय, दोन डोळे किंवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय निकामी झाला तरी २ लाख, आणि एकच डोळा, हात किंवा पाय गेला तर १ लाख.

आता सगळ्यात जास्त गैरसमज जिथं होतो ते. ‘पोराच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला कुठलं मिळतंय?’ असं म्हणून लोक गप्प बसतात. मिळतं. सातबाऱ्यावर नाव असलेला वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला कोणताही एक सदस्य, म्हणजे आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी एक, असे घरातले दोघे यात येतात. वय १० ते ७५. म्हणजे बापाच्या सातबाऱ्यावर मुलाचा अर्ज होतो. मात्र या यादीत नातू आणि पुतण्या नाहीत. आपल्याकडं आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी जमीन त्यांच्याच नावावर राहते, भावाभावांत वाद म्हणून वारसनोंद रखडते. अशा घरातला तरुण गेला की बापही खातेदार नसतो आणि अर्ज अडतो. तुमच्या घरात तसं असेल तर वारसनोंदीचं काम आजच तलाठ्याकडं घ्या. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात.)

कोणते अपघात चालतात? रस्ता आणि रेल्वे अपघात, पाण्यात बुडणं, शॉक, वीज पडणं, कीटकनाशकाची विषबाधा, उंचावरून पडणं, सर्पदंश, विंचूदंश, जनावराचा हल्ला, खून, दंगल. बाळंतपणातला मृत्यूसुद्धा. चालत नाही ते म्हणजे नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या, नशेत झालेला अपघात, कायदा मोडताना झालेला अपघात. तरुण मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार आडवी येते, ती म्हणजे लायसन. तो स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचा वैध परवाना जोडावा लागतो. ऊसाच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पोरं जातात. चूक ट्रॉलीवाल्याची असली तरी लायसन नसेल तर हा अर्ज अडकतो.

पहिला दिवस सगळ्यात अवघड आणि कागदाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा. अंत्यविधीच्या आधी पोलीस ठाण्यात किंवा पोलीस पाटलांना कळवा. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, जागेचा पंचनामा होतो, मृतदेहाचा पंचनामा म्हणजे इन्क्वेस्ट होतो आणि सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन. घरच्यांना ते नको वाटतं, हे मी जवळून पाहिलंय. तरी कुणीतरी शांतपणे समजावून सांगावं, कारण पुढचा प्रत्येक अर्ज या तीन कागदांवर उभा राहतो आणि ही संधी परत येत नाही. शॉकचा प्रकार असेल तर महावितरणलाही त्याच दिवशी लेखी कळवा, आणि विद्युत निरीक्षक पाहून जाईपर्यंत पेटी, वायर कुणाला दुरुस्त करू देऊ नका. फोटो काढून ठेवा.

जबाब देताना जे घडलं तेवढंच सांगा. विहिरीत मुलगा बुडाला की दुःखात कुणी बोलून जातं, ‘चार दिवस गप्पगप्पच होता.’ ते वाक्य कागदावर उतरतं आणि पुढं आत्महत्येचा संशय म्हणून प्रकरण थांबतं. तो मोटर बघायला उतरला होता, पाय घसरला, कुणी पाहिलं, किती वाजता, एवढं नेमकं सांगावं. काही लपवू नका, पण ऐकीव आणि अंदाजाचं बोलूही नका.

सावडणं झालं की ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करा. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळतंय का ते तिथंच बघा. दाखल्यावर ‘सागर’ आणि आधारवर ‘सागरकुमार’ अशानं लोकांना महिनोन्‌महिने हेलपाटे पडतात.

अर्ज करायचा तो अपघातापासून ३० दिवसांच्या आत, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं. खटावचं कार्यालय वडूजला, माणचं दहिवडीला, खानापूरचं विट्याला. दहावा झाला की जा, महिना घालायची वाट बघू नका. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाबाबत तलाठ्याचा कागद (मयत स्वतः खातेदार असेल तर गाव नमुना ६-क ची वारसनोंद), वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा आधार, पोलिसांचा पहिला अहवाल किंवा स्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल, इन्क्वेस्ट, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचं आधार जोडलेलं बँक पासबुक, एवढं घेऊन जा. मुलगा खातेदार नसेल तर नातं दिसावं म्हणून रेशनकार्डही. विषबाधेत व्हिसेऱ्याचा (शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्याचा) रासायनिक तपासणी अहवाल मागतात आणि तो यायला वेळ लागतो. त्याच्यासाठी अर्ज अडवून धरू नका, हातातले कागद जोडून अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसेल तर ३० दिवसांत आलो होतो हे नंतर सिद्ध करता येत नाही.

पैसे कुणाच्या नावावर येतात यावरून घरात कुजबूज होते, म्हणून क्रम सांगतो. आधी पत्नी, मग अविवाहित मुलगी, मग आई, मग मुलगा, मग वडील, नंतर सून आणि इतर कायदेशीर वारस. मुलगा अविवाहित असेल तर अर्ज आईच्या नावानं करा. लग्न होऊन सहा महिनेच झाले असले तरी हक्क पत्नीचा आहे. सासरच्यांनी तिला माहेरी पाठवून मुलाच्या बापाच्या नावानं अर्ज करणं चुकीचं आहे, आणि मला ते मनापासून सलतं.

अर्ज गेल्यावर महसूल, पोलीस आणि कृषी विभागाचे लोक एकत्र जागेवर येऊन आठ दिवसांत तहसीलदारांना अहवाल देतात. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती ३० दिवसांत निर्णय घेते. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अपील करता येतं.

एक अट आधीच समजून घ्या. याच अपघातासाठी शासनाच्या दुसऱ्या विभागाकडून मदत घेतली असेल तर ही मिळत नाही. म्हणून कुठं जास्त आहे ते आधी बघा. वीज पडून किंवा पुरात मृत्यू झाला तर आपत्ती निवारणातून ४ लाख मिळतात, तो मार्ग तहसील कार्यालयातून. शिराळा, पाटण, कराडकडं बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वन विभागाचे २५ लाख असतात, तिथं वनरक्षकाला ताबडतोब कळवायचं.

मुलानं स्वतः हप्ता भरलेला विमा मात्र वेगळा. त्याचं पासबुक भरून आणा आणि मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कापलेत का बघा. तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता, अपघाती मृत्यूला २ लाख, बँकेला ३० दिवसांत कळवायचं. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, तिचेही २ लाख. पासबुक बघायचं घरात कुणाला सुचत नाही आणि बँक आपणहून घरी येऊन सांगत नाही.

रस्ता अपघात असेल तर समोरच्या वाहनाच्या विम्याकडून भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, त्यासाठी साताऱ्यात किंवा सांगलीत वकील गाठा. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरी केंद्राच्या योजनेतून वारसांना २ लाख मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात विचारा, सोबत पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल न्या.