चित्राच्या कोपऱ्यातलं नाव

पंचवटीतल्या चौकांत रामनवमीला लागणाऱ्या फ्लेक्सवरचा राम हल्ली बरेचदा कुणा चित्रकारानं काढलेला नसतो. संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की तो तयार होतो. खाली सगळ्या शुभेच्छुकांची नावं असतात, चित्र काढणाऱ्याचं नसतं. यंत्रानं काढलेलं चित्र नेमकं कुणाचं, त्यावर नाव कुणाचं हवं, हा वाद त्यामुळे उभा राहिला आहे. पण हे एका दिवसात झालेलं नाही.

चित्रात यंत्र शिरणं नाशिकला नवं नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईतले माणूस होते. जे.जे.त शिकले, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं, तीनरंगी छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोल्यांपर्यंत पोचल्या. चित्र यंत्रानं छापलेलं, पण खाली नाव रविवर्म्यांचं. पुढे दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणारे पेंटरही कोपऱ्यात आपलं नाव बारीक अक्षरात टाकत. फ्लेक्स आला तेव्हा आधी तो कोपरा गेला. मला वाटतं, आजच्या वादाची सुरुवात तिथेच शोधायला हवी.

संगणकाच्या बाजूनं पाहिलं तर हॅरॉल्ड कोहेन या ब्रिटिश चित्रकारानं १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात 'ॲरन' नावाचा चित्र काढणारा प्रोग्रॅम घडवायला घेतला. त्याचे नियम कोहेननं स्वतःच्या रेषेचा विचार करून लिहिलेले, त्यामुळे चित्र कुणाचं, हा पेच तितकासा पडला नाही. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी वेगळी रीत मांडली: संगणकातली दोन शिकणारी जाळी (न्यूरल नेटवर्क) एकमेकांसमोर उभी करायची. एक जाळं चित्र बनवतं, दुसरं ते खोटं आहे का ते ओळखतं आणि या झटापटीत पहिलं तरबेज होतं. पण त्यासाठी समोर माणसांनी काढलेली हजारो चित्रं लागतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात अशा रीतीनं केलेलं 'एडमंड दे बेलामी' ४,३२,५०० डॉलरला गेलं. कोपऱ्यात सहीच्या जागी गणिताचं सूत्र होतं! ज्या १५,००० जुन्या व्यक्तिचित्रांवर यंत्र शिकलं त्यांच्या चित्रकारांचं नाव नाही, आणि ज्याचा कोड बराचसा वापरला त्या १९ वर्षांच्या रॉबी बॅरटचंही नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या नेचर मोर्त गॅलरीत 'ग्रेडियंट डिसेंट' हे याच माध्यमाचं प्रदर्शन भरलं.

२०२२ मध्ये लिहिलेल्या सूचनेवरून चित्र काढून देणारे मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन हे प्रोग्रॅम सगळ्यांच्या हाती आले. स्टेबल डिफ्यूजनचं शिक्षण इंटरनेटवरून गोळा केलेल्या कोट्यवधी चित्रांवर झालेलं. पोलंडचा चित्रकार ग्रेग रुत्कोव्स्की याचं नाव लोक सूचनेत टाकू लागले, त्याच्या धाटणीची चित्रं मिळावीत म्हणून. म्हणजे नाव परत आलं, पण सही म्हणून नव्हे, मसाला म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये तीन अमेरिकी चित्रकारांनी अशा प्रोग्रॅमांच्या कंपन्यांना कोर्टात खेचलं.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं एक वाक्य घातलं: संगणकानं तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. यंत्र कुणाच्या चित्रांवर शिकलं, याचा विचार त्या वाक्यात नाही. तेव्हा तसं यंत्रच नव्हतं.

नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगात रंगवला, तो घाटाची सकाळ डोळ्यांनी पाहून. आजही चित्रकलेची मुलं मांडीवर बोर्ड घेऊन रामकुंडापाशी बसतात. संध्याकाळी चित्राचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात, कोपऱ्यात सही करून. तो फोटो पुढे कुठल्या यंत्राला शिकवायला जाईल, हे त्यांना कुणी विचारत नाही.