उखाणा (नाव घेणे)

उखाणा म्हणजे पतीचे किंवा पत्नीचे नाव गुंफलेली, यमक साधणारी, बहुधा दोन ओळींची रचना. ती चारचौघांत म्हणण्याला ‘नाव घेणे’ म्हणतात. मराठीत उखाणा या शब्दाचा कोडे असाही अर्थ आहे. गुजरातीतील ‘उखाणुं’ म्हणजे तर कोडेच.

बायकोने नवऱ्याचे नाव उच्चारले तर त्याचे आयुष्य घटते, अशी समजूत होती. घरात ‘अहो’ किंवा ‘इकडची स्वारी’ यांवर भागवले जाई. उखाण्याने ही बंदी मोडली नाही, तिच्यातून वाट काढली. शिवाय एरवी मान खाली घालून वावरणाऱ्या नव्या सुनेला भरल्या घरात सगळ्यांदेखत बोलता आले. ही त्याची सर्वांत मोलाची बाजू. लाडीगोडी, मागणी, टोमणा हे सगळे त्यात खपते.

गृहप्रवेशाच्या वेळी उंबरठ्यावर तांदळाचे माप असते आणि नणंद दार अडवते. तेव्हाचा उखाणा असा बांधता येतो:

मापात तांदूळ भरलेले, दारावर वन्संचा पहारा,
…रावांचं नाव घेते, आता आडवा हात सारा.

खरी मागणी ‘सारा’ या शेवटच्या शब्दात आहे. ती यमकात आल्यामुळे हुकूम वाटत नाही आणि सगळे हसत असताना नणंदेला हात काढावाच लागतो.

म्हणून उखाणा शेवटाकडून रचावा. आधी काय सांगायचे ते ठरवावे, त्याचा शेवटचा शब्द पक्का करावा, मग पहिल्या ओळीसाठी त्याच्याशी यमक जुळणारा शब्द शोधावा. पहिल्या ओळीचा अर्थाशी संबंध नसला तरी परंपरेला चालते. ‘भाजीत भाजी मेथीची’ मधली मेथी केवळ ‘प्रीतीची’साठी येते. पण ताट, पाट, माप असे समोरचे काही घेतले तर रचना पाठ केलेली वाटत नाही.

यमक कानाने तपासावे. वराने ‘ताटात वाढलं श्रीखंड’ म्हणून ‘आता आग्रह करा बंद’ असा शेवट केला, तर ‘ण्ड’ आणि ‘न्द’ जुळत नाहीत आणि हशा अर्ध्यावर विरतो. ‘हा आग्रह नको अखंड’ म्हटले की अर्थ तोच राहून यमक बसते.

नाव ओळीच्या मध्ये असेल तर कोणतेही नाव चालते. पाठ केलेले बहुतेक उखाणे याच साच्याचे. ‘अनिलराव’ची पाच अक्षरे सहज बसतात, ‘पुरुषोत्तमराव’ची सात आली की ‘आता’सारखा भरीचा शब्द गाळावा लागतो. नावच यमकात आणायचे तर उखाणा त्या नावासाठीच रचावा लागतो, आणि दादही त्यालाच अधिक मिळते.

म्हणताना नावाआधी क्षणभर थांबावे आणि नाव खणखणीत घ्यावे. नेमके तिथे आवाज उतरला की ‘ऐकू आलं नाही, पुन्हा!’ ठरलेलेच.

थट्टा समोर बसलेल्या आणि उलट बोलू शकणाऱ्या माणसाचीच करावी. रंग, पगार, देणेघेणे यांवरची ओळ यमक साधूनही बोचते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात किंवा श्रावणातल्या मंगळागौरीच्या जागरणात आग्रह रंगतो, पण दोनदा मनापासून नाही म्हणणारीला तिसऱ्यांदा भरीला घालू नये.