साहेबांचं पाठबळ आणि साहेबांचा गट

अतिवृष्टी झाली की विदर्भातल्या गावागावांत सोयाबीन-कपाशीचे पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक मिळून बांधावर जातात. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळते, म्हणून सगळा जोर त्या आकड्यावर येतो. मग कुणा पुढाऱ्याचा फोन येतो, "भाऊ, तेवढं एक नाव घेऊन टाका ना." तलाठी मग आपल्या वरच्या साहेबांकडे धाव घेतो.

एक साहेब म्हणतात, "बांधावर दिसलं तेच लिहा. पुन्हा फोन आला तर माझ्याशी बोलायला सांगा." दुसरे म्हणतात, "टाका नाव, मी पाहून घेतो." धीर दोघांकडूनही मिळतो. नव्यानं लागलेल्या पोराला तर दुसरेच साहेब जास्त जवळचे वाटतात. पण पहिल्यांनी दिलं ते पाठबळ. दुसऱ्यांनी त्याला आपल्या गटात ओढलं.

पाठबळ कागदावर उतरतं. असा साहेब टिपणीवर शेरा मारतो, गरज पडली तर लेखी आदेश देतो. गटाचा कारभार तोंडी. तक्रार झाली की पंचनाम्याखाली सही तलाठ्याचीच निघते. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानं एका पदावरचा कार्यकाळ साधारण तीन वर्षांचा धरला आहे. साहेब बदलून गेले की "पाहून घेतो"ही त्यांच्यासोबत जातं, पंचनामा मात्र दप्तरी राहतो.

पाठबळ मिळायला साहेबांच्या केबिनमध्ये रोज बसावं लागत नाही. गटात मात्र रजा, अतिरिक्त कार्यभार आणि सीआर म्हणजे वर्षाचा गोपनीय अहवाल, सगळं जवळीक बघून ठरतं. मला सर्वांत जास्त डाचतं ते हेच. एका तलाठ्याच्या डोक्यावर तीन सज्जे, म्हणजे तिघांच्या वाट्याची गावं, आणि दुसरा दुपारीच गावाकडे, हे बाकीचे रोज बघतात. मन लावून काम करणारा माणूस मग भांडत नाही. तो नेमून दिलेलं तेवढंच करायला लागतो. गावकऱ्याला सातबाऱ्यासाठी चार चकरा पडतात त्या इथून.

आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना 2002 च्या शासन निर्णयानुसार एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. ती हवीच. पण धारणी किंवा भामरागडला कुणी शिक्षा म्हणून पाठवला गेला असेल आणि अडचणीच्या वेळी वरचे साहेब फोनच उचलत नसतील, तर त्या वाढीव पगारावर तो टिकत नाही. पहिल्या दिवसापासून तो बदलीच्या अर्जाच्या मागे लागतो.