गळ मापायचा तो आमिषाला

बास मासा धरायला निघालेल्या नवख्याचा डबा उघडून पाहा, त्यात गळ हमखास गरजेपेक्षा मोठे सापडतील. त्यात त्याचा फारसा दोष नाही. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांतला हा मोठ्या तोंडाचा बास जबडा वासतो तेव्हा त्यात मूठ सहज जाईल असं वाटतं. १९३२ साली जॉर्जियात गळाला लागलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा होता. पण जिवंत आमिष लावायचं असेल, तर गळ बासच्या मापाने घेऊन चालत नाही.

बासच्या दोन्ही अंगांवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीकशी थरथरही ती टिपते, म्हणून गढूळ पाण्यातही धडपडणाऱ्या छोट्या माशाचा त्याला पत्ता लागतो. जिवंत आमिषाची सगळी करामत या धडपडीत आहे. जाड तारेचा गळ लावला की छोटा मासा त्या ओझ्यानेच दमतो आणि नुसता लोंबकळत राहतो. मग रबरी मासा काय वाईट होता?

म्हणून तार बारीक हवी. दोन-तीन इंचांच्या माशाला २ किंवा १ क्रमांकाचा गळ पुरतो. गोल्डन शाइनर हा आमिषाचा मासा सात-आठ इंचांचा असला, तर त्याला ३/० ते ५/० लागतो. हे आकडे आधी उलटे चालतात, ६ पेक्षा ४ मोठा, ४ पेक्षा २ मोठा. १ च्या पुढे १/०, २/० असे ते सरळ वाढत जातात. दुकानात भलेभले गोंधळतात. टोक आणि दांडा यांच्यामधली फट मात्र नीट पाहायची. आमिषाच्या अंगानेच ती भरून गेली, तर बासच्या जबड्याला जागा उरत नाही. गळ पाठीच्या पराजवळ, कण्याच्या वर, कातडीखालून वरवर घालावा.

आता आकार. बास भक्ष्याला चावत नाही, ओढून घेतो. तोंड झटक्यात उघडलं की आतला दाब उतरतो आणि पाण्याबरोबर मासाही आत जातो, पापणी लवायच्या आत. जिवंत मासा खरा लागतो, म्हणून बास तो थुंकून न टाकता गिळायच्या बेतात असतो. नेहमीचा, इंग्रजी J अक्षराच्या आकाराचा गळ अशा वेळी घशात किंवा पोटात रुततो. वर्तुळी गळाचं टोक दांड्याकडे आत वळलेलं असतं, त्यामुळे ते मऊ भागावरून घसरत बाहेर येतं. दोरी ताणलेली राहिली की गळ जबड्याच्या कडेला पोहोचतो, दोरीची दिशा बदलते, गळ गर्रकन फिरतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात बसतो.

इथे हाताची जुनी सवय आड येते. दोरी हलली की काठीला हिसका द्यायचा, हे अंगात मुरलेलं असतं. वर्तुळी गळाला हिसका दिला, तर तो फिरायच्या आत सरळ तोंडाबाहेर येतो. नुसतं रीळ सावकाश गुंडाळत राहायचं. पहिले काही मासे यात जाणारच. टोक बाजूला मुरडलेले वर्तुळी गळही मिळतात. ते घेऊ नयेत, त्यांनी खोल रुतण्याचा धोका पुन्हा वाढतो.

धार पाहायला टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकेच ओढावं. घसरलं तर धार गेली. हिसकाच द्यायचा नसल्याने सगळा भार टोकावर आहे.

दोरीबद्दल फार डोकं खाजवू नये. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, १.३३. फ्लुरोकार्बन या प्लास्टिकच्या दोरीचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. फ्लुरोकार्बनचा आकडा पाण्याच्या जवळचा, म्हणून स्वच्छ पाण्यात ती कमी दिसते. पण ती बुडते आणि आमिषाला खाली खेचते. शाइनर वरच्या थरात पोहवायचा असेल, तर नायलॉन बरी. दाट पाणवनस्पतींत विणलेल्या दोरीला पर्याय नाही. दोरीला लावायचं वजन जेवढं कमी तेवढं बरं, आणि ते शिशाचं नसावं. शिशाच्या गोळ्या गिळून लून पक्षी मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

एवढं करूनही एखादा गळ घशात उतरतोच. मासा सोडायचा असेल, तर गळ उपसत बसू नये. दोरी गळाच्या नेढ्याजवळ कापावी आणि मासा पाण्यात सोडावा.