दाढीवर मास्क करकचून ओढला की धूळ अडते?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत) हे सर्रास ऐकू येतं. पण ते खरं नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करताना उडणारी, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार करणारी धूळ 10 मायक्रॉनहूनही बारीक (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दाढीचा केस साधारण 100 मायक्रॉन जाड. केसांमुळे मास्कची कड त्वचेवरून उचलली जाते आणि श्वास घेताच हवा फिल्टर सोडून फटीतून आत शिरते. पट्टा कितीही ओढा, एका दिवसाचे खुंटसुद्धा नडतात. मात्र गुळगुळीत दाढी करण्याचा नियम मास्कची कड टेकते तेवढ्याच जागेपुरता आहे. कडेच्या आत मावणारी मिशी खुशाल ठेवा. मास्क नीट बसला का ते पाहायला, झडप नसलेला मास्क दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. नाकाशी, गालाशी वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढी राखायचीच असेल तर पंख्याने गाळलेली हवा देणारा, डोकं झाकणारा सैल हूड मालकाकडे मागाच.