बाटलीचं फूल कसं झालं

सुरुवातीच्या कार्टूनपटांत कुठलीच वस्तू जागच्या जागी टिकत नाही. यामागे कल्पनाशक्ती आहेच, पण तितकाच वाटा चित्रं काढण्याच्या पद्धतीचा आहे.

फ्रेंच चित्रकार एमिल कोल यांचा ‘फँटास्मागोरी’ हा कार्टूनपट १९०८ साली पॅरिसमध्ये दाखवला गेला. सुमारे ७०० चित्रं आणि प्रत्येकाच्या दोन फ्रेम, एवढ्यात दोन मिनिटंही भरत नाहीत. खालून उजेड सोडलेल्या काचेवर कागद ठेवायचा, आधीचं चित्र गिरवायचं आणि गिरवताना रेघ किंचित सरकवायची. शाई काळी, कागद पांढरा. पण पडद्यावर निगेटिव्ह दाखवल्यामुळे फळ्यावर खडू फिरल्यासारखा भास होतो. पार्श्वभूमी काढली असती तर ती दर कागदावर पुन्हा गिरवावी लागली असती, म्हणून ती नाहीच. मग हाताशी नुसती रेघ उरते, आणि बाटलीची रेघ वळवून तिचं फूल करायला कष्ट पडत नाहीत. कोल यांनी त्याच वर्षी आगकाड्याही नाचवल्या. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला; त्याची प्रत उरली नाही, ही हळहळ कायमची.

कागद केसभर सरकला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. त्यावर उपाय म्हणून कागदाला भोकं पाडून ते खुंट्यांवर बसवू लागले. १९१४ मध्ये अमेरिकेच्या अर्ल हर्ड यांनी सेलच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पातळ तावांच्या, पेटंटसाठी अर्ज केला आणि पार्श्वभूमी एकदाच काढून भागू लागलं. मात्र सेलचे थर वाढले की खालचे रंग मळकट दिसतात, त्यामुळे थर मोजकेच ठेवावे लागत. हातापायांना कोपर-गुडघे न देता ते रबरी नळीसारखे वळवायचे, कारण सांधा जरा चुकला की हात मोडल्यासारखा दिसतो.

अमेरिकन कार्टूनपटकार मॅक्स फ्लायशर यांनी उलटी वाट धरली. त्यांच्या रोटोस्कोप या यंत्रामध्ये खऱ्या माणसाची फिल्म एकेक फ्रेम करून धुरकट काचेवर पाडायची आणि वरून गिरवायची. त्यांच्या १९३२ च्या ‘मिनी द मूचर’ या कार्टूनपटामध्ये आधी गायक कॅब कॅलोवे स्वतः वाद्यवृंदासमोर डोलताना दिसतात. पुढे गुहेत वॉलरसच्या (सुळेवाल्या समुद्री प्राण्याच्या) रूपातलं भूत गाऊ लागतं, तेव्हा सरपटती पावलं आणि कमरेची लचक थेट कॅलोवेंचीच असते. शरीर अशक्य, चाल मात्र तंतोतंत खरी. अंगावर काटा येतो तो याच विसंगतीमुळे.