पैशासाठीच तोंड उघडतात?

‘कोकणातला माणूस फुकट तोंड उघडत नाही, मुलाखत देतो तो नुकसानभरपाईसाठी, नाहीतर टीव्हीवर दिसायला.’ हा समज जुना आहे. निम्मा खरा असता तरी चाललं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या माणसाला लोकांनी उत्तरं दिली ती मदतीसाठीच; त्यात गैर काय? पण मालवणच्या बंदरावर एखाद्या म्हाताऱ्या रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, वाऱ्यांची नावं विचारा. मिळणार काहीच नसतं, तरी दुपार जाते. गजालींना, म्हणजे गप्पांना, कारण लागत नाही.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या डायना तामिर आणि जेसन मिचेल यांनी हे प्रयोगातून तपासलं. स्वतःबद्दलच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं की दुसऱ्याबद्दलच्या, अशी निवड होती आणि प्रत्येक पर्यायाचे पैसे वेगळे. स्वतःबद्दल बोलायला मिळावं म्हणून लोकांनी सरासरी १७ ते २५ टक्के कमाई सोडली. मेंदूत बक्षिसाशी जोडलेले भागही तेव्हा जास्त सक्रिय दिसले. प्रयोग अमेरिकेतला, तो जसाच्या तसा देवगडला चिकटवू नये. पण ‘पैशासाठीच’मधला ‘च’ त्याने ढिला होतो.

बाकी कारणं साधी: आपल्याबद्दल चुकीचं छापून आलेलं दुरुस्त करायचं असतं, किंवा विचारणारा ओळखीतून आलेला असतो. जनगणनेचं मात्र वेगळं. १९४८ च्या कायद्यानुसार तिथे उत्तर देणं बंधनकारकच आहे.

आणि नकार? तो बहुधा वेळेमुळे येतो. होड्या लागताना, लिलाव चालू असताना वही काढलीत तर कोण बोलेल?